शिक्षणाची हुंडी आणि सरकारची पेढी

दर वर्षी उन्हाळा जवळ आला म्हणजे आपल्या राज्यातील लक्षावधी घरांत एक विलक्षण प्रकारची वाट पाहणे सुरू होते. पावसाची वाट शेतकरी पाहतो, भावाची वाट व्यापारी पाहतो. पण ही वाट त्या दोहोंहून निराळी आहे. रिक्षा चालविणारा, पाठीवर पोती वाहणारा, दुकानातील गुमास्ता, चार घरची धुणीभांडी करून पोट भरणारी बाई, अशी माणसे आपल्या लहानग्या मुलाचे नाव सरकारी सोडतीत निघते की नाही, इकडे डोळे लावून बसलेली असतात. नाव निघाले तर खाजगी शाळेचे फाटक उघडते आणि फी सरकार भरते. न निघाले तर त्या मुलाचे पुढे काय होते, ह्याची चौकशी कोणी करीत नाही. २०२३-२४ ह्या वर्षी सुमारे एक लाख जागांसाठी तीन लाख चौसष्ट हजारांहून अधिक अर्ज आले. म्हणजे दाराशी साडेतीन मुले उभी आणि आत जाणारे एक, असा हा हिशेब आहे.

हा प्रश्न गरिबांचा आहे, आपला नव्हे, असे समजून आमचा व्यापारी वाचक जर हे पान उलटून बाजारभावांकडे वळेल, तर तो आपल्याच वहीतील एक मोठी रक्कम तपासल्यावाचून सोडून देईल. २००४ सालापासून आयकरावर शिक्षणासाठी म्हणून निराळा उपकर आपण भरीत आलो आहो. आरंभी तो शेकडा दोन होता. २०१८ पासून आरोग्य आणि शिक्षण मिळून शेकडा चार झाला. ज्या पैशावर आपल्या घामाचा शिक्का आहे, तो कोठे जातो, कोणत्या वाटेने जातो आणि त्याच्या बदल्यात काय पदरात पडते, हे विचारण्याचा प्रत्येक करदात्यास अधिकार आहे. इतकेच नव्हे, तर ते त्याचे कर्तव्य आहे.

प्रथम ही व्यवस्था काय आहे, ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. २००९ साली संसदेने बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमान्वये विनाअनुदानित खाजगी शाळांनी आपल्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा वंचित गटांतील व दुर्बल घटकांतील मुलांस द्यावयाच्या आणि त्यांस आठवीपर्यंत विनामूल्य शिकवावयाचे, असे ठरले. त्याबद्दल सरकारने शाळेस भरपाई द्यावयाची. सरकार स्वतःच्या शाळेत दर मुलामागे जितका खर्च करते ती रक्कम, किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, ह्यांपैकी जी कमी असेल ती. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र त्यातून वगळल्या गेल्या.

पाश्चात्त्य देशांत ज्या पद्धतीस व्हाउचर असे म्हणतात, तिचे हे एक मर्यादित रूप होय. आमच्या वाचकांस ती पद्धत समजावयास कठीण जाऊ नये. कारण ती आपल्या जुन्या हुंडीसारखीच आहे. सरकार मुलाच्या नावाने हुंडी लिहून देते. मूल ती घेऊन आईबापांच्या पसंतीच्या शाळेत जाते. शाळा मुलास शिकविते आणि हुंडी सरकारच्या पेढीवर वटवून घेते. पैसा शाळेस बांधलेला नसतो, मुलाच्या पाठीमागून चालतो. आपल्या कायद्यात ही हुंडी सर्वांस नाही. फक्त गरिबांस, फक्त चौथ्या हिश्श्याच्या जागांपुरती आणि सोडतीत नाव निघेल त्यासच आहे.

आता गेल्या काही वर्षांत ह्या व्यवस्थेचे आपल्या राज्यात जे झाले, ते पाहण्यासारखे आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमांत एक दुरुस्ती केली. ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, त्या खाजगी शाळेवर पंचवीस टक्क्यांचे बंधन राहणार नाही, असा तिचा आशय होता. शहरांत व मोठ्या गावांत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही, असे ठिकाण क्वचितच सापडेल. तेव्हा एका ओळीच्या दुरुस्तीने बहुतेक सर्व खाजगी शाळांची फाटके गरिबांच्या मुलांस बंद झाली.

सरकारच्या बाजूने जे बोलता येण्यासारखे होते, ते आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. घरी विहीर असता शेजाऱ्याचे पाणी विकत का घ्यावे? सरकार एका बाजूने शिक्षकांचे पगार भरते, इमारती राखते. दुसऱ्या बाजूने त्याच वस्तीतील मुलांची फी खाजगी शाळांस देते. हा दुहेरी खर्च नव्हे काय? आणि चुणचुणीत, धडपड्या घरांतील मुले अशा रीतीने बाहेर काढून नेल्यावर सरकारी शाळेचा पट घसरतो, पट घसरला म्हणजे शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले म्हणजे राहिलेली मुलेही जातात. हा युक्तिवाद पोकळ नाही. आम्ही स्वतः सरकारी शाळेचे पक्षपाती असल्यामुळे त्यातील शेवटचा भाग आमच्या मनास विशेष लागतो.

परंतु विहीर आहे एवढ्याने भागत नाही. तिच्यात पाणी किती आहे, हे पाहावे लागते. त्या प्रश्नाचे उत्तर लोकांनी न बोलता देऊन टाकले. नव्या नियमाप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळा धरून सुमारे शहात्तर हजार शाळांतील पावणेनऊ लाखांवर जागा अर्जांसाठी खुल्या झाल्या. अर्ज किती आले? सुमारे सत्तर हजार. पुढे ६ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्तीस स्थगिती दिली आणि जुन्या नियमाने पुन्हा अर्ज मागविण्यात आले. तेव्हा सुमारे नऊ हजार दोनशे शाळांतील एक लाख पाच हजार जागांसाठी दोन लाख चाळीस हजारांहून अधिक अर्ज आले. १९ जुलै रोजी उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्दच केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम राखला. मूळ कायद्याने जे बंधन घातले, ते नियमाच्या पाचरीने सैल करता येत नाही, हा त्याचा इत्यर्थ होय.

कोणी म्हणेल की, सरकारी शाळेत अर्जावाचूनही प्रवेश मिळतो. मग तिच्यासाठी अर्ज कोण करणार? खरे आहे, आणि आमचा आक्षेप नेमका तोच आहे. जे सर्वांस आधीच खुले होते, तेच नव्याने हक्क म्हणून पुढे करणे, ह्यास देणे म्हणत नाहीत. ह्या प्रकरणातील एक गोष्ट तर आम्हांस फारच बोचली. पहिली ते पाचवीच्या मुलास घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, असे त्या कायद्याखालील नियमांनीच ठरविलेले आहे. शाळा मुलाच्या जवळ यावी म्हणून जे अंतर मोजले होते, त्याच अंतराची दोरी घेऊन मुलास शाळेपासून दूर बांधण्याचा प्रयत्न झाला. मोजमाप एकच, पण मोजणाऱ्याची बुद्धी पालटली की त्याचा अर्थ किती उलटा होतो, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

तर मग आम्ही हुंडीवाल्यांच्या पक्षात जाऊन बसलो काय? मुळीच नाही. त्यांचे म्हणणेही ऐकून घेऊ. हा पक्ष अर्वाचीन रूपात १९५५ साली मिल्टन फ्रीडमन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने प्रथम ठाशीवपणे मांडला. शिक्षणाचा खर्च सरकारने करावा, पण शाळा सरकारने चालविल्याच पाहिजेत असे नाही. पैसा पालकाच्या हाती द्यावा, म्हणजे शाळा एकमेकींशी स्पर्धा करतील, चांगल्या तगतील, वाईट बंद पडतील, हा त्याचा सारांश. श्रीमंतास जी निवड आज आहे, ती गरिबास का नसावी, हा त्यांचा प्रश्न बिनतोड आहे, हे आम्ही कबूल करतो. आपल्याकडील एका प्रयोगानेही त्यांच्या बाजूचा एक मुद्दा खरा ठरविला आहे. २००८ सालापासून चार वर्षे आंध्र प्रदेशातील १८० खेड्यांत सोडत काढून काही मुलांस अशा हुंड्या देण्यात आल्या. खाजगी शाळांत गेलेली मुले तेलुगू व गणित ह्या विषयांत सरकारी शाळेतील मुलांच्या पुढे गेली नाहीत. हिंदी मात्र त्यांस अधिक येऊ लागली. पण ह्या शाळांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळेच्या एकतृतीयांशाहूनही कमी होता. म्हणजे माल तोच आणि किंमत थोडी. व्यापाऱ्यास हा हिशेब तत्काळ पटेल.

परंतु पटण्यापूर्वी त्याने दोन गोष्टी पाहाव्या. पहिली ही की, ज्या गणितात व मातृभाषेत मूल मागे आहे, त्यांत ते शाळा पालटूनही पुढे गेले नाही. तेव्हा फाटक पालटले म्हणजे विद्या पालटते, हा भ्रम आहे. दुसरी ही की, खर्चातील बहुतेक बचत शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारांतून येते. थोड्या पगारावर, आज आहे उद्या नाही अशा नोकरीत, तरुण शिक्षकास राबवून जी बचत होते, तिच्यावर एका राज्याची शिक्षणपद्धती उभारता येईल काय, हे ज्याचे त्याने आपल्या मनास विचारावे.

शिवाय शाळा हे दुकान नव्हे. कापड विटले तर पुढच्या वेळी दुकान पालटता येते. मुलाचे तिसरीचे वर्ष फुकट गेले, तर ते परत कोणत्या दुकानात मिळते? आणि दुकानदार गिऱ्हाइकास निवडीत नाही. शाळा मात्र विद्यार्थ्यास निवडू शकते. दक्षिण अमेरिकेतील चिली ह्या देशाने हा अनुभव पुरेपूर घेतला. १९८१ साली तेथील लष्करी राजवटीने सर्व देशभर हुंडीची पद्धत सुरू केली. त्या वेळी सुमारे पाचांपैकी चार मुले सरकारी शाळांत होती. तीस-पस्तीस वर्षांत ती पाचांपैकी दोनहूनही कमी राहिली. खाजगी शाळांनी परीक्षा व मुलाखती घेऊन हुशार आणि ऐपतदार मुले वेचून घेतली. पुढे सरकारी रकमेवर वरकड फी घेण्याचीही त्यांस मुभा मिळाली. गरीब एका शाळेत आणि सुखवस्तू दुसऱ्या शाळेत, अशी फाळणी झाली. २००६ साली व पुन्हा २०११ साली तेथील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अखेर २०१५ साली कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांस नफा, वरकड फी आणि विद्यार्थ्यांची निवड ह्या तिन्ही गोष्टींची बंदी करावी लागली. पाणी डोक्यावरून गेल्यावर बांध घालण्यास चौतीस वर्षे लागली.

अमेरिकेतील कथा निराळी, पण धडा तोच. मिल्वॉकी शहरात १९९० साली ही पद्धत सुरू झाली, ती गरिबांच्या मुलांसाठी. २००२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्लीव्हलंड शहरातील अशाच योजनेस पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता दिली. पुढे २०२२ साली ॲरिझोना राज्याने ती गरीब-श्रीमंत सर्वांस खुली केली. तेव्हा पहिल्या लाटेत अर्ज करणारी बहुसंख्य मुले आधीपासून सरकारी शाळेत नव्हतीच, असे दिसून आले. म्हणजे जो बाप फी भरीतच होता, त्याची फी आता सर्वांच्या तिजोरीतून भरली जाऊ लागली. २०२५ साली टेक्सास राज्याने एक अब्ज डॉलरांची अशी योजना संमत केली. उलट २०२४च्या नोव्हेंबरात केंटकी व नेब्रास्का ह्या राज्यांत हा प्रश्न थेट मतदारांपुढे गेला, तेव्हा त्यांनी खाजगी शाळांकडे सरकारी पैसा वळविण्यास नकार दिला. विधिमंडळात जे सोपे जाते, ते मतपेटीपुढे तितके सोपे जात नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गरिबांच्या नावाने निघालेली हुंडी हळूहळू कोणाच्या नावावर चढते, ते तेथे दिसले. ज्या दिवशी आपल्याकडे कोणी उठून, पंचवीस टक्के कशाला, सर्वांसच हुंड्या द्या, असे म्हणेल, त्या दिवशी आमच्या वाचकांनी ॲरिझोनाचे स्मरण करावे.

आपल्या महाराष्ट्रास तर ह्या बाबतीत परदेशाकडे पाहण्याचीही तितकीशी गरज नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुले ह्यांनी जे निवेदन दिले, त्यात त्यांनी हेच विचारले होते की, महसूल रयतेकडून यावा आणि शिक्षण वरच्या वर्गांस मिळावे, हा कोणता न्याय? बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. १९११च्या मार्च महिन्यात गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. वर्षभराने ते तेरा विरुद्ध अडतीस मतांनी फेटाळले गेले. पण जे साम्राज्यास परवडले नाही, ते संस्थानांस परवडले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात प्रयोग करून १९०६ साली सक्तीचे मोफत शिक्षण सर्व राज्यास लागू केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली तेच आपल्या संस्थानात आरंभिले. तिजोरी कोणाची मोठी होती, हे सांगावयास नको. मन कोणाचे मोठे होते, तेही सांगावयास नको.

खाजगी शाळा म्हटली की आमच्या कपाळास आठी पडते, असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघाली ती खाजगीच होती; भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली तीही सरकारी नव्हती. पण त्या काळी खाजगी ह्या शब्दाचा अर्थ पदरमोड असा होता. घरचे खाऊन लोकांची मुले शिकविणे असा होता. आज त्याच शब्दाखाली कोणी सेवा करतो आणि कोणी व्यापार करतो. व्यापार करणे हे पाप नव्हे, हे व्यापाऱ्यांच्या पत्रात आम्ही काय सांगावे! पण व्यापार करावयाचा आणि पाटी धर्मशाळेची लावावयाची, हे मात्र कोणत्याही बाजारात सचोटीचे लक्षण मानले जात नाही.

आता हुंडी सकारणाऱ्या पेढीकडे वळू. महाराष्ट्रात दर मुलामागे वर्षास १७,६७० रुपये, ही भरपाईची कमाल रक्कम कित्येक वर्षे ठरून गेलेली होती. करोनाच्या साथीत २०२०-२१ ह्या वर्षापुरती ती ८,००० वर आणली गेली. रक्कम थोडी की फार, हा वाद बाजूस ठेवू. पण ती वेळेवर मिळत नाही, वर्षानुवर्षांची बाकी तुंबून राहते, ही शाळाचालकांची ओरड वर्षामागून वर्षे चालू आहे. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण कोणास ठाऊक नाही? ज्या पेढीच्या दर्शनी हुंड्या वर्ष वर्ष वटत नाहीत, तिची पत बाजारात किती राहील? आणि ह्या बुडत्या पतीचा भार शेवटी पडतो कोणावर? संचालक मंडळावर नव्हे; ज्या मुलाच्या नावावर ती हुंडी आहे, त्या मुलावर. त्यास मागच्या बाकावर बसविणे, सहलीतून व गॅदरिंगमधून वगळणे, पुस्तकांचे व गणवेशाचे पैसे मागणे, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. सहा वर्षांच्या मुलास आपण फुकटे आहो, हे कळू देणे, ह्यासारखे निर्दय कृत्य दुसरे नाही. ते करणाऱ्या शाळेस सरकारची बाकी हे निमित्त आहे, समर्थन नव्हे. आणि बाकी थकविणाऱ्या सरकारास शाळेचा उद्दामपणा हीही सबब नव्हे.

काही सुखवस्तू पालकांच्या मनात दुसरीच भीती असते. असली मुले वर्गात आली म्हणजे आमची मुले बिघडतील, असे ते खाजगीत बोलतात. त्यांच्यासाठी दिल्लीतील एका अभ्यासाचा दाखला देतो. तेथील उंची फीच्या शाळांत २००७ पासून गरीब मुलांस जागा द्याव्या लागल्या. त्यांच्याबरोबर बसलेली श्रीमंतांची मुले अधिक उदार, अधिक समजूतदार आणि गरिबांशी बरोबरीने वागणारी झाल्याचे दिसले. त्यांच्या एकंदर अभ्यासाचे म्हणण्यासारखे नुकसान झाले नाही. इंग्रजीत किंचित फरक आणि वर्गातील गडबड थोडी अधिक, एवढीच काय ती किंमत. मुलगा माणुसकी शिकला आणि त्यासाठी थोडी गडबड सोसावी लागली, तर तो सौदा कोणत्या बापास तोट्याचा वाटेल? आमच्या मते पंचवीस टक्क्यांच्या कलमाचे खरे मोल फीच्या रकमेत नसून ह्या एका बाकात आहे. म्हणूनच ते कलम टिकले पाहिजे, असे आम्ही म्हणतो.

पण ते कलम म्हणजे पूल आहे, गाव नव्हे. एका चाळीतील दोन शेजाऱ्यांची मुले घ्या. दोघांचे वय एक, दोघांच्या बापांची मिळकत एक. सोडतीत एकाचे नाव निघाले, दुसऱ्याचे नाही. पहिल्याच्या दाराशी सकाळी शाळेची गाडी येते. दुसरा कोपऱ्यावरच्या शाळेत जातो, जेथे कदाचित दोन वर्गांस मिळून एक शिक्षक आहे आणि तोही माहितीचे तक्ते भरण्यात गुंतला आहे. ह्या दुसऱ्या मुलाने कोणता अपराध केला? संविधानात २००२ साली एकवीस-अ ह्या कलमाने जो शिक्षणाचा हक्क घातला गेला, तो सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास आहे. चिठ्ठीत निघालेल्या मुलास तेवढा नाही. हक्क आणि सोडत हे दोन शब्द एका वाक्यात शोभत नाहीत. नशीब जेथे सुरू होते, तेथे हक्क संपतो.

ह्या दुसऱ्या मुलाची शाळा कशी आहे? राज्यात वीसाहून कमी पट असलेल्या शाळा सुमारे पंधरा हजार आहेत, असे २०२३ साली पुढे आले आणि त्या मोडून समूह शाळा करण्याची कल्पना निघाली. शहरातील वाचकास ती व्यवहाराची वाटेल; पण डोंगरातील वाडीवरच्या मुलीस ओढा ओलांडून चार-पाच मैल जावे लागले, की तिची शाळा समूहात विलीन होत नाही, चुलीत विलीन होते. तिच्यासाठी तर हुंडीही निरुपयोगी आहे. कारण वटविण्यास दुसरी शाळाच नाही. पट का घसरला, हे न पाहता घसरलेल्या पटाबद्दल शाळेस शिक्षा करणे म्हणजे दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, असला प्रकार होय.

सरकारी शाळा चांगल्या होऊच शकत नाहीत, असे जे म्हणतात, त्यांनी दोन उदाहरणे पाहावी. २०२० सालचे जागतिक शिक्षक पारितोषिक सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले ह्या शिक्षकास मिळाले. आणि मुंबई महापालिकेने अलीकडे केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या, तेव्हा जागांहून अर्ज इतके अधिक आले की, तेथेही सोडत काढावी लागली! लोकांस सरकारी शाळेचा कंटाळा नाही. वाईट शाळेचा कंटाळा आहे. शिक्षक वर्गात असेल, शिकवील, आणि इंग्रजीची भूक भागवील, तर पालक आपल्या पायांनी परत येतील.

तेव्हा करावयाचे काय? आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगता येईल. पहिली ही की, भरपाईची रक्कम दर वर्षी ठरलेल्या दिवशी शाळांस मिळावी, आणि कोणत्या शाळेस किती दिली व किती बाकी राहिली, हे लोकांस वाचता येईल असे जाहीर व्हावे. आणि जी शाळा ह्या मुलांस निराळे वागवील तिची गय होऊ नये. दुसरी ही की, दोन शिक्षकांवाचून एकही प्राथमिक शाळा असू नये, ही कायद्याचीच अट पाळली जावी. आणि जनगणना, निवडणूक व आपत्ती ह्यांवाचून इतर कामास शिक्षकास जुंपू नये, हे कायद्याचे सत्ताविसावे कलम कागदावरून वर्गात उतरावे. तिसरी ही की, राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करावे, असे १९६६ साली कोठारी आयोगाने सांगितले, २०२०च्या शैक्षणिक धोरणाने पुन्हा सांगितले. तो आकडा आजवर एकदाही गाठला गेलेला नाही. चोपन्न वर्षांच्या अंतराने तेच वचन पुन्हा लिहून देणे म्हणजे जुनी हुंडी न वटविता नवी लिहून देणे होय, आणि अशा ऋणकोस बाजारात काय म्हणतात, ते आमच्या वाचकांस सांगावयास नको.

चौथी गोष्ट सरकारकडे नसून आपल्याकडे आहे. प्रत्येक सरकारी शाळेस व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असावे आणि निम्म्या स्त्रिया असाव्या, असा कायदा आहे. पण जोवर गावातील चार समंजस माणसे त्या शाळेची पायरी चढत नाहीत, तोवर ती समिती सह्यांपुरतीच राहणार. आम्हांपैकी ज्यांची मुले तेथे जात नाहीत, त्यांस ती शाळा आपली वाटत नाही. आणि ज्यांची जातात, त्यांचा आवाज कचेरीपर्यंत पोहोचत नाही. सरकारी शाळेचे खरे दुखणे पैशाच्या तुटवड्याइतकेच ह्या परकेपणातही आहे. बोलता येणाऱ्यांनी जी वस्तू सोडली, ती न बोलणाऱ्यांच्या पदरी मोडकीच पडते. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी आणि गणेशोत्सवाची पावती आपण न मागता देतो; मग नगरपालिकेच्या शाळेच्या अंदाजपत्रकावर सभेत उठून एक प्रश्न विचारण्यास आपणांस संकोच का वाटावा?

खाजगी शाळेस पैसा द्यावा की न द्यावा, हा वाद दोन्ही बाजूंचे लोक मोठ्या हिरिरीने करतात. पण त्या वादाची कसोटी एकच आहे. प्रत्येक योजनेपुढे, मग ती हुंडीची असो, भरपाईची असो, की समूह शाळेची असो, आपण त्या दुसऱ्या मुलास उभे करावे, ज्याचे नाव सोडतीत निघाले नाही, आणि विचारावे की, ह्यात ह्याचे काय होते? ज्या योजनेस त्याचे उत्तर देता येते, ती आमची. ज्या योजनेस देता येत नाही, तिची भाषा कितीही सुधारलेली असो, ती सुधारणा नव्हे. पुढच्या उन्हाळ्यातही चिठ्ठ्या निघतील, काही घरांत पेढे वाटले जातील. ते गोडच लागतील. पण त्याच चाळीतील ज्या दारावर पेढा गेला नाही, तेथील मूल दुसऱ्या दिवशी सकाळी दप्तर पाठीस लावून कोपऱ्यावरच्या शाळेकडे निघेल. ते पोहोचेल तेव्हा तेथे शिक्षक उभा असला पाहिजे. एवढे झाले तर सोडतीचे महत्त्व आपोआप ओसरेल; आणि न झाले, तर कितीही हुंड्या लिहिल्या तरी आपली पेढी दिवाळखोरच ठरेल.